रत्नागिरीचा किनारा आणि धोंड मास्तरांचे जलरंग

एके काळी रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा बाणकोटपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत होता; सिंधुदुर्ग त्यातून १९८१ मध्ये वेगळा झाला. याच अखंड जिल्ह्यात १९०८ मध्ये प्रल्हाद अनंत धोंड जन्मले. पुढे ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे अधिष्ठाता झाले. शिष्यांचे ते धोंड मास्तर. ‘रापण’ हे त्यांचे पुस्तक अनेकांनी वाचलेले असते, पण त्यांचे खरे मोठेपण समुद्राच्या जलरंगचित्रांत आहे.

इंग्रजी अमदानीत निसर्गचित्राकडे आधी नोंद म्हणून पाहिले जाई. किल्ला, घाट, बंदर हुबेहूब ओळखू यावे, एवढीच अपेक्षा असे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या कलाशाळेत पारदर्शक जलरंगाची इंग्रजी रीत रुजली आणि मराठी चित्रकारांनी हळूहळू तिला आपल्या उजेडाचे वळण दिले.

या माध्यमात चुकीला माफी नाही. उजेड कोऱ्या कागदाचाच राखावा लागतो. एकदा फिरलेला कुंचला मागे घेता येत नाही. त्यात कोकणची दमट हवा. रंग लवकर सुकत नाही, ओल्या कागदावर तो पसरत जातो आणि कडा विरघळतात. जलरंगाची ही अडचणच समुद्राच्या चित्राला उपकारक ठरते. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूत आकाश उतरते, तेव्हा पाणी कुठे संपले आणि किनारा कुठे सुरू झाला हे डोळ्यालाही सांगता येत नाही. धोंडांनी नेमकी ही अवस्था धरली. आडवे, पातळ, मोठे हात. क्षितिजाची एक रेघ. होडी असलीच तर दोन-तीन फटकाऱ्यांत. बाकी सगळे गाळलेले. त्या मोकळ्या जागेतच पाहणाऱ्याला भरतीची चाहूल, पावसाआधीचा कोंडमारा किंवा एकटेपणा जाणवतो. तपशील वाढवला असता तर ठिकाण ओळखता आले असते, पण भाव हरवला असता.

रत्नागिरी शहरात काळ्या वाळूचा आणि पांढऱ्या वाळूचा असे दोन्ही किनारे आहेत. एकाच आभाळाखाली छटा किती बदलते, हे नवशिक्या चित्रकाराला इथे शेजारी-शेजारी पाहता येते. जिल्ह्यात सावर्डे आणि देवरूख येथे आज कलाशिक्षणाच्या संस्था आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी छायाचित्रावरून रंगवण्याआधी धोंडांची मूळ चित्रे जवळून पाहावीत आणि मग कागद घेऊन किनाऱ्यावर बसावे.