सहा तासांवरचं बेट

गंगाखेडच्या आमच्या शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा होता. गुरुजी वर्गाबाहेर गेले की आम्ही पोरं पट्टी लावून अंतरं मोजायचो. मॉरिशस मला असंच सापडलं. मुंबईपासून दोन-तीन बोटांवर, शाईच्या ठिपक्याएवढं.

खरं अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. थेट विमान सहा तासांत पोचतं. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं, त्यामुळं नुसतं घड्याळ पाहणाऱ्याला प्रवास साडेचार तासांचाच वाटावा. गंगाखेडहून रेल्वेनं मुंबई गाठायला मला याहून जास्त वेळ लागतो! आणि हा प्रवास बेटावरून बेटावर आहे बरं का. मुंबईचा विमानतळ साष्टी बेटावर आहे. शीवचा बांध झाला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला, आणि आपण ते बेटपण विसरलो.

एकोणिसाव्या शतकात हेच अंतर शिडाच्या जहाजातून काटायला कित्येक आठवडे लागत. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा तर समोरूनच येई. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली, ऊस मात्र उभाच होता. तो तोडायला हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुतेक बिहारकडची नि मद्रासकडची; त्यांत आपली कोकणातलीही होती. करार साधारण पाच वर्षांचा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत. त्याला ‘डबल कट’ म्हणत.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या वस्त्या ओस पडतात. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला जातो. खाडा पडला तर मजुरी बुडतेच, वर दंड बसतो. कारखाना असतो एका रात्रीच्या वाटेवर. पण उचल फिटेस्तोवर माघारी येणं नाही. हे अंतर पट्टीनं कसं मोजायचं?

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका कार्यक्रमात मॉरिशसचे एक मराठी गृहस्थ भेटले. घरी क्रिओल बोलणारे, मराठी शाळेत शिकलेले. “तुम्ही मुसलमान, मग इतकं छान मराठी कसं?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “तुमच्यासारखंच. आमच्याही घरात दखनी, मराठी गावात नि शाळेत.” दोघंही हसलो.

मग त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दप्तरं जपली आहेत. त्यातून पणजोबांची नोंद उतरवून आणली होती. नंबर, वय, जिल्हा रत्नागिरी, आणि गाव. गावाचं नाव कुण्या परक्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं रोमन अक्षरांत लिहिलेलं. मी ते चार तऱ्हांनी वाचून पाहिलं, जवळच्या कोकणातल्या मित्रानं आणखी दोन तऱ्हांनी. एकही नाव ओळखीचं निघेना.

दुसऱ्या दिवशी ते रत्नागिरीच्या एसटीत बसले. “कंडक्टरला विचारून बघतो,” म्हणाले. कागद हातातच होता.