'मादी' : एका उसन्या शब्दाची घडण

चाकण येथे शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात नुसते 'मादी' म्हणून सौदा ठरत नाही. गाय, कालवड, म्हैस, रेडी, शेळी, पाट अशी स्वतंत्र नावे तेथे रूढ आहेत. ज्या प्राण्यांच्या स्त्रीरूपास व्यवहारात वेगळे नाव नाही, तेथे हा शब्द लागतो. परिसरातील ऊसक्षेत्रात बछड्यांसह आढळते ती बिबट्याची मादी.

मूळ शब्द फारसी 'मादा'. तो प्राचीन इराणी मातृवाचक शब्दापासून निघाल्याने संस्कृत 'मातृ' त्याचा दूरचा आप्त ठरतो. हिंदीने 'मादा' हे रूप कायम ठेवले. मराठीत मात्र घोडी, मेंढी, शेळी यांच्या पंक्तीत बसून तो ईकारान्त झाला, आणि या रूपात त्याचे परकेपण जाणवेनासे झाले.

भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत एकमेकांत बसणाऱ्या सुट्या भागांना 'मेल-फिमेल' म्हणतात. 'फिमेल' हा 'मेल'पासून बनलेला नाही. लॅटिन 'फेमेल्ला', म्हणजे तरुण स्त्री, हे त्याचे मूळ. मध्ययुगीन इंग्रजीत 'मेल'च्या सहवासाने त्याचा शेवट बदलला. 'मादी'चा ईकारही असाच सोबतीच्या शब्दांमुळे आलेला आहे.

अर्थाचा प्रवास मात्र भिन्न आहे. 'फिमेल' स्त्रीवरून प्राण्यांकडे व पुढे यंत्रभागांकडे गेला. 'मादी'च्या मुळाशी माता आहे, तरी मराठीत तो प्राण्यांपुरता रूढ झाल्याने स्त्रीस उद्देशून वापरल्यास अवमानकारक ठरतो. कोशात 'स्त्री' हा त्याचा पर्याय देताना ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.