किल्लारी भूकंप आणि धोक्याविषयीची लोकधारणा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेला ६.२ क्षमतेचा भूकंप किल्लारी भूकंप म्हणून ओळखला जातो. त्यात सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. धोक्याविषयीचा लोकांचा व शासनाचा समज प्रत्यक्ष धोक्यापासून किती दूर असू शकतो, याचे उदाहरण म्हणूनही या भूकंपाचा अभ्यास केला जातो.

भूकंपापूर्वीची धारणा

दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी समजूत रूढ होती. १९६७ चा कोयना भूकंप धरणाशी जोडला गेल्याने तिला फारसा धक्का बसला नाही. तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशातही किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते. ऑगस्ट १९९२ पासून काही महिने या परिसरात सौम्य हादरे बसले. लोक घाबरले, पण हादरे थांबताच भीतीही ओसरली.

घरांबाबतही हेच घडले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद हे घर उन्हाळ्यात गार राही, म्हणून ते भक्कम व सुरक्षित मानले जाई. गळती थांबवण्यासाठी माळवदावर वेळोवेळी माती टाकल्याने त्याचे वजन वाढत जाई. बहुतेक बळी या घरांखालीच गेले.

भूकंपानंतर

आता दोष दगडाला दिला गेला. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता. भिंतीचे दोन थर एकमेकांत न गुंफणे व कच्ची मातीची जुळणी ही खरी कारणे होत. अनेक घरांत भिंती कोसळूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. तरीही जुने घर बळकट करण्यापेक्षा सिमेंट-काँक्रीटची नवी खोली बांधण्याकडे लोकांचा कल राहिला. माकणी येथील निम्न तेरणा धरणामुळे भूकंप झाला, असेही अनेकांना वाटले. त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे स्थलांतर झाले. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभाग रद्द होऊन हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात हादऱ्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा तेथील लोकांनीही घराबाहेर रात्री काढल्या.