कर्करोगग्रस्त मुलांसाठी योग आणि सजगता : उपयोग, मर्यादा व दक्षता

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलाद प्रकल्पामुळे देशाला परिचित झालेले शहर. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र हे या प्रकल्पाचे मुख्य रुग्णालय होय. मुलाला कर्करोग असल्याचे निदान झाल्यावर विशेष उपचारांसाठी येथील पालकांसमोर रायपूर, नागपूर किंवा हावडा-मुंबई लोहमार्गाने थेट मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय असे पर्याय असतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. एवढ्या काळात शाळा सुटते, केस गळतात, मित्र दुरावतात आणि सुईची भीती मनात घर करते. योग व सजगता यांचा विचार होतो तो या टप्प्यावर.

सजगता, म्हणजेच माइंडफुलनेस, हा शब्द रुग्णालयांत रुळला तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या कार्यक्रमामुळे. महाराष्ट्राला मात्र ही कल्पना नवी नाही. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर तपासण्यास प्रारंभ केला होता.

लहान मुलांबाबत पद्धत साधी असते. मूल उताणे झोपते, त्याच्या पोटावर हलके खेळणे ठेवले जाते आणि श्वासागणिक ते वर-खाली होताना मूल पाहते. पाठीच्या मणक्यातून सुईने द्रव काढण्यापूर्वी हाच सराव भीती कमी करण्यास साह्यभूत ठरू शकतो. किशोरवयीनांना असे खेळ बालिश वाटतात. त्यांना योगनिद्रा, खुर्चीवर बसून करावयाची आसने वा श्वासाचे निरीक्षण यांतून निवड करू द्यावी. नकार देण्याचा अधिकारही द्यावा. उपचारांच्या काळात निर्णय मुलांच्या हाती क्वचितच असतो, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

दक्षतेचा भाग अधिक महत्त्वाचा. प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाचा धोका असल्याने तोल जाऊ शकेल अशी आसने टाळावीत. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना सामूहिक वर्ग नको; चटईही स्वतंत्र असावी. मेंदूत गाठ असल्यास डोके खाली झुकविणारी आसने वर्ज्य. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने पायांतील नसा दुबळ्या होतात, तर स्टिरॉइडमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात; अशा मुलांना उभ्याने करावयाच्या आसनांसाठी आधार लागतो. छातीत औषधासाठी नळी बसविली असल्यास त्या बाजूला ताण येऊ देऊ नये. कपालभाती व भस्त्रिका यांसारख्या जोरकस क्रिया टाळणेच इष्ट. कोणताही सराव उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या अनुमतीनंतरच सुरू करावा आणि त्या दिवसाचा रक्तचाचणीचा अहवाल शिक्षकाला ठाऊक असावा.

पुराव्यांच्या बाबतीत भाषा जपून वापरावी लागते. अमेरिकेतील दोन वैद्यकीय संघटनांनी २०२३ मध्ये कर्करुग्णांमधील चिंता व नैराश्यासाठी सजगता आणि योगाची शिफारस केली. परंतु ती प्रौढांपुरती आहे. मुलांवरील अभ्यास लहान आहेत. योग्य देखरेखीखाली सराव शक्य व बहुधा सुरक्षित असतो, तसेच चिंता आणि थकवा यांत काही सुधारणा दिसते, एवढेच त्यांवरून म्हणता येते. योगाने कर्करोग बरा होतो, याला कोणताही आधार नाही.

हे स्पष्ट सांगण्याचे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते उच्च उत्पन्न गटातील देशांत ८० टक्क्यांहून अधिक कर्करोगग्रस्त मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. विलंबाने निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्यामागील प्रमुख कारणांपैकी आहेत. प्रवास व खर्चाने थकलेल्या कुटुंबाला कोणी केमोथेरपीऐवजी प्राणायाम सुचविला, तर तो सल्ला जिवावर बेतू शकतो. मुलाची प्रकृती सुधारलेली दिसताच औषधे थांबविणेही तितकेच घातक. रक्ताच्या कर्करोगात आजार दिसेनासा झाल्यानंतरही उपचारांचा मोठा टप्पा शिल्लक असतो.

सरावाचा लाभ पालकांनाही होतो. खाटेशेजारी रात्री जागणारी आई मुलासोबत दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊ शकते. त्यासाठी ना साहित्य लागते, ना शुल्क. भिलाईला परतल्यावर, पुढील तपासणीच्या तारखेपर्यंत, हा सराव घरीही चालू ठेवता येतो. मात्र ताप आल्यास सराव बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.