मोबाईलचा भोंगा आणि दीडशे वर्षांचा धडा



२०२३ मधली गोष्ट. दवाखान्यात आठ-दहा पेशंट बसले होते आणि अचानक बऱ्याच जणांचे मोबाईल एकदमच भोंग्यासारखे वाजू लागले. एका आजींना वाटले, माझे बीपीचे मशीनच बिघडले. मेसेज वाचल्यावर उलगडा झाला. आपत्तीची सूचना थेट प्रत्येक फोनवर पोहोचवण्याच्या सरकारी यंत्रणेची ती चाचणी होती. सगळे हसले. एका तरुणाने मात्र लगेच विचारले, "डॉक्टर, हे बंद कसं करायचं?"

त्या दिवशी गर्दी होती, म्हणून त्याला नीट उत्तर देता आले नाही. आजचा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर.

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेशेजारी मॉनिटर असतो. त्याने रुग्ण बरा होत नाही. पण नाडी किंवा ऑक्सिजन घसरला की तो ओरडतो, नर्स धावते आणि जीव वाचतो. देशाच्या आपत्ती-निरीक्षणाचेही तसेच आहे. त्यात तीन गोष्टी लागतात : मोजणे, कळवणे आणि ऐकणे. यातली एक जरी तुटली तरी बाकीच्या दोन वाया जातात. आपल्या देशाने हे फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

मोजणे

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. हुगळी नदीतून समुद्राचे पाणी आत घुसले आणि सुमारे ६० हजार माणसे मेली. तेव्हा देशभरातली हवामानाची निरीक्षणे एका ठिकाणी गोळा करणारी व्यवस्थाच नव्हती. पाठोपाठ १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. अखेर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. विखुरलेल्या वेधशाळांमधली पाऊस, वारा आणि हवेच्या दाबाची मोजमापे एकत्र येऊ लागली. आज टीव्हीवर आपण 'ऑरेंज अलर्ट' ऐकतो, त्याचे मूळ इथे आहे.

कळवणे

पण नुसते मोजून भागत नाही. २६ डिसेंबर २००४ आठवा. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला. जगभरच्या यंत्रांवर त्याची नोंद झाली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोहोचायला त्यानंतर दोन तासांहून अधिक वेळ लागला. एवढ्या वेळात माणूस चालतसुद्धा उंच जागी जाऊ शकतो. पण हिंदी महासागरात त्सुनामीची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. रविवारची सकाळ होती, मुले वाळूत खेळत होती. एकट्या भारतात १० हजारांवर माणसे गेली.

त्यानंतर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००७ मध्ये हैदराबादला त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले.

ऐकणे

तिसरी कडी सर्वांत नाजूक, कारण ती विश्वासावर टिकते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना काही रुग्णांत ताप आणि जांघेत गाठी दिसल्या. हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखले आणि स्पष्टपणे सांगितले. म्हणजे मोजणे झाले, कळवणेही झाले.

पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि पुण्यात जे घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. सोजीर घरात शिरत, सामान बाहेर फेकत, आजाऱ्यांना उचलून नेत. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात एवढेच असते. डॉक्टर म्हणून मला त्यातली आणखी एक गोष्ट दिसते. लोक घरातला आजारी माणूस लपवू लागले, मृत्यूही लपवू लागले. लपवलेला रुग्ण मोजता येत नाही आणि न मोजलेली साथ रोखता येत नाही. जिथे माणूस यंत्रणेला घाबरतो, तिथे यंत्रणा आंधळी होते.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा मी इंटर्न होतो. खरी माहिती पोहोचण्याआधी अफवा पोहोचली. लाखो लोक शहर सोडून निघाले. त्या घबराटीतून देशाने धडा घेतला आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. आरोग्यसेविका लक्षणांची नोंद करते, डॉक्टर संशयित रुग्णांची आणि लॅब तपासणीत पक्क्या झालेल्या रुग्णांची. एखाद्या गावात जुलाबाचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढले, तर जिल्ह्याला ते दिसावे, हा उद्देश.

पाण्यानंतर येणारा ताप

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७५ मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक! आमच्या उपनगरात कमरेएवढे पाणी होते. ते ओसरले तेव्हा वाटले, संकट संपले.

पण काही दिवसांत दवाखान्यात तापाचे पेशंट येऊ लागले. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देत नव्हते. मी प्रत्येकाला वेगळा ताप समजून औषध देत राहिलो. कोणाकोणाच्या घरात पाणी शिरले होते, हे वहीत एकत्र लिहिले नाही. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला नाही. तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदरांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो. वेळेवर ओळखला तर स्वस्त गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत धरतो. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत या आजाराने अनेकांचा जीव गेला.

माझ्याकडचे चार-पाच रुग्ण वाचले. पण मी पहिल्या दोघांनंतरच कळवले असते, तर शेजारच्या गल्लीतला कोणी चार दिवस आधी डॉक्टरकडे गेला असता का? हा प्रश्न दर पावसाळ्यात मला पडतो. सर्वेक्षण म्हणजे दिल्लीतले संगणक असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते माझ्यासारख्याच्या टेबलावरच्या वहीत सुरू होते.

तिन्ही कड्या जुळल्या तर?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे १० हजार माणसे गेली. नंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले, सूचना मिळाल्यावर कोणी कोणाला न्यायचे हे ठरवले. १२ ऑक्टोबर २०१३ला फायलिन हे तसेच जबर वादळ आले. त्याआधी जवळपास १० लाख लोकांना हलवले होते. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. वादळाचा जोर कमी नव्हता. लोकांनी ऐकले होते.

उष्णतेचेही तसेच. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. अंदाज आला की लोकांना सावध करायचे, दवाखान्यांनी तयारीत राहायचे, पाण्याची सोय वाढवायची. देशात असा आराखडा करणारे ते पहिले शहर.

मग तुम्ही काय करायचे?

१. मोबाईलवरच्या आपत्तीच्या सूचना बंद करू नका. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये त्या सुरू आहेत का तेही बघा.

२. हवामान खात्याचे रंग लक्षात ठेवा : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. नारंगी रंग दिसला की नेहमीची औषधे, इन्सुलिन आणि जुने रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा.

३. साचलेल्या पाण्यातून चाललात तर पाय साबणाने धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, ते डॉक्टर ठरवतील. नंतर ताप आला तर "मी पाण्यातून गेलो होतो" हे वाक्य आधी सांगा.

४. सोसायटीत किंवा वाडीत एकाच आठवड्यात तीन-चार घरांत सारखाच ताप किंवा जुलाब दिसले, तर आशाताईंना, आरोग्य केंद्राला किंवा पालिकेला कळवा. खात्री होण्याची वाट बघू नका. खात्री करणे हे त्यांचे काम आहे.

५. व्हॉट्सॲपवरचा इशारा पुढे पाठवण्याआधी तो अधिकृत आहे का ते बघा. खोटा भोंगा चार वेळा वाजला की पाचव्या वेळी खऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही.

तर त्या तरुणाला माझे उत्तर असे : बाबा रे, हा आवाज बंद करायला एक सेकंद पुरतो, पण तो तुझ्या खिशापर्यंत पोहोचायला दीडशे वर्षे लागली. पुढच्या वेळी वाजला की आधी वाच, आणि शेजारच्या आजींना वाचता येत नसेल तर त्यांनाही वाचून दाखव.

काळजी घ्या, पावसाळ्यात सांभाळून राहा.