थंडी

थंडी : हवेचे तापमान उतरल्याने जाणवणारा गारठा, तसेच अंगात भरणारी हुडहुडी. ‘थंडी पडली’ हे हवामानाचे वर्णन, तर ‘थंडी वाजते’ हे देहाच्या अवस्थेचे. थंडी वाजून येणारा मलेरिया म्हणजे हिवताप. त्यातील ‘हीव’ आणि ‘हिवाळा’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘हिम’शी निगडित आहेत. तीव्रतेनुसार थंडी गुलाबी, बोचरी किंवा कडाक्याची असते. लाक्षणिक अर्थाने हातपाय गार पडतात ते भीतीने, डोके थंड असते ते संयमाने, प्रतिसाद थंडा असतो तो अनास्थेमुळे आणि प्रकरण थंड बस्त्यात जाते ते दिरंगाईमुळे. तरुणांच्या बोलीत ‘कूल’ आणि ‘चिल’ रुळले आहेत.

हवामानातील थंडीचे उदाहरण म्हणून मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर घेता येईल. हे शहर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर सुमारे ५७० मी. उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते आणि पहाटे गारठा वाढतो. उत्तरेकडील थंड वारे आले की तो अधिक बोचतो.

हाच हुरड्याचा हंगाम. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर खातात.

मराठवाड्यातील गहू व हरभरा या रब्बी पिकांना थंडी मानवते. ती लवकर ओसरल्यास गव्हाचा दाणा बारीक राहतो आणि उत्पादन घटते.