नियम ७५ आणि बोले ठराव : समुद्र सर्वांचा, शर्यत कोणाची?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरून चैत्यभूमीकडे सरकणाऱ्या रांगेत आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. मैदानात पुस्तकांचे स्टॉल आणि पुढे दादर चौपाटीचा समुद्र. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कितीतरी मुले आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतात ती इथेच, बाबासाहेबांना अभिवादन करायला आल्यावर. त्या समुद्राकडे बघून एक प्रश्न विचारायला हवा. या पाण्यावर शिडाच्या होड्यांच्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यात आपल्यातला कोण उतरतो? आणि उतरत नसेल, तर त्याला कोणी अडवले?

काही कार्यकर्ते म्हणतील, शिष्यवृत्त्या रखडल्यात, अत्याचाराच्या केसेस कोर्टात पडून आहेत, आणि हे श्रीमंतांच्या होड्यांचे काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. पण केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंच्या भरतीसाठी जी खेळांची यादी आहे, तिच्यात याटिंग आहे. म्हणजे या खेळातले यश ही नुसती कपाटात ठेवायची वस्तू नाही, ते नोकरीचे दार आहे. ज्या खेळात शिरायलाच मोजक्यांना जागा मिळते, त्या खेळातून येणारी संधीही मोजक्यांकडेच जाते. म्हणून प्रवेशाचा प्रश्न हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे.

प्रवेश मिळतो कसा, ते आधी समजून घेऊ. जगभरच्या शिडाच्या शर्यती ‘वर्ल्ड सेलिंग’ या संस्थेच्या नियमावलीप्रमाणे चालतात. तिच्यातला नियम ७५ सांगतो की शर्यतीसाठी होडीची नोंदणी कोण करू शकतो : राष्ट्रीय संघटनेशी संलग्न असलेला क्लब किंवा अन्य संस्था, त्या क्लबचा किंवा संस्थेचा सभासद, नाहीतर खुद्द राष्ट्रीय संघटनेचा सभासद. भारतात ही राष्ट्रीय संघटना म्हणजे याटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. पुढची पायरी होडीची. होडी कोणतीही चालत नाही, ती ठरलेल्या वर्गाची लागते. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट, त्यापुढे आयएलसीए, फोर-सेव्हन्टी, फोर्टीनाइनर असे वर्ग. होडी, शीड, डोलकाठी त्या वर्गाच्या मापात बसली पाहिजे. मग प्रवेश शुल्क, मानांकनाच्या स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि त्यातून भारताच्या संघाची निवड. ऑलिम्पिकची जागा तर खेळाडूला मिळत नाही, देशाला मिळते. जागतिक किंवा खंडीय पात्रता स्पर्धेत ती कमवावी लागते आणि एका प्रकारात एका देशाची एकच होडी जाते.

ही शिडी वरवर अगदी निष्पक्ष दिसते. जातीचा दाखला कोणी मागत नाही. पण पहिल्याच पायरीवर ‘तुम्ही कोणत्या क्लबचे?’ हा प्रश्न आहे आणि दुसऱ्या पायरीवर काही लाख रुपयांची होडी. रायगडच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. वारा कुठून फिरणार, हे त्या नाखव्याला आभाळाकडे बघून कळते. पण त्याची होडी कोणत्याही ‘वर्गात’ बसत नाही. त्यामुळे तो त्याच्या गावात विजेता असला, तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या हिशेबात तो नाहीच.

हे आजचे नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीतून कोणाला वगळायचे याची यादी आहे. घराला आग लावणारा, विष घालणारा, खोटी साक्ष देणारा यांच्याच रांगेत समुद्रप्रवास करणारा आणि तेली बसवले आहेत. म्हणजे समुद्रावर जाणे हा गुन्हेगारांच्या शेजारी बसवण्याजोगा दोष! किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी, खारवी समाजांनी हा नियम मानला असता, तर शिवाजी महाराजांचे आरमार पाण्यात उतरलेच नसते. ज्या पार्काला महाराजांचे नाव आहे, त्या महाराजांच्या आरमाराची वल्ही आणि शिडे याच हातांनी सांभाळली. समुद्राचे ज्ञान असलेल्यांना धर्मशास्त्राने हीन ठरवले आणि शास्त्र सांगणाऱ्यांना समुद्राचे ज्ञान नव्हते. बाबासाहेब १९१३ मध्ये समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले, तेव्हा असे शास्त्र त्यांनी पायाखाली तुडवले.

मग इंग्रज आले आणि त्यांनी समुद्राला दुसरे दार बसवले. बॉम्बे याट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला आणि १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ किताब मिळाला. अपोलो बंदरावर त्याची वास्तू उभी राहिली. साहेब शर्यतीत भाग घेई. होडी धुणारे, दोर ओढणारे, शिडे सुकवणारे हात इथल्या खलाशांचे असत. सभासदत्व मात्र गोऱ्यांचे. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर असताना हिंदी लोकांनाही घेणारा एक वेगळा क्लब त्यांच्या नावाने निघाला. पण त्यात शिरले कोण? संस्थानिक, गिरणीमालक, बडे व्यापारी. गिरणगावातल्या चाळीतला माणूस तेव्हाही बाहेरच. स्वातंत्र्यानंतर याट क्लबच्या जुन्या इमारतीत १९४९ पासून काही वर्षे टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. इमारतीचा वापर बदलला. पण आधी क्लब, मग खेळ, ही रीत कायम राहिली.

‘हौशी’ या शब्दाचा इतिहासही तपासायला हवा, कारण या साऱ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या म्हणून उभ्या राहिल्या. आपल्याला वाटते, हौशी म्हणजे आवडीने खेळणारा. इंग्लंडमध्ये हेन्ली इथल्या वल्ह्यांच्या शर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये या शब्दाची व्याख्या लिहून ठेवली. तिच्यानुसार जो मजुरीवर कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर म्हणून काम करतो किंवा ज्याने पूर्वी केले आहे, तो हौशी नाही, म्हणून त्याला शर्यतीत प्रवेश नाही. त्याने शर्यतीसाठी पैसे घेतले की नाही, हा मुद्दाच नव्हता. तो हाताने काम करतो, एवढे पुरेसे होते. १९२० मध्ये अमेरिकेच्या जॉन केली या गवंडीकाम केलेल्या खेळाडूला याच हेन्लीने प्रवेश नाकारला. त्याच्या क्लबशी चालकांचा जुना वाद होता, पण हाताने काम करण्याचा हा नियमही त्याच्या आड आणला गेला. त्याच वर्षी केलीने अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. हेन्लीला तो नियम काढायला १९३७ साल उजाडले.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटत नाही का? काम करणारा अपात्र आणि त्या कामाचा खेळ करणारा पात्र. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले. हेन्लीचा नियम हा त्याच रोगाचा इंग्रजी नमुना आहे. फरक इतकाच की गवंड्याचा मुलगा गवंडीकाम न करता कारकून झाला, तर त्याला प्रवेश मिळू शकत होता. आपल्याकडे धंदा सोडला तरी जात सुटत नव्हती.

शिवाजी पार्क म्हटले की लोकांना क्रिकेट आठवते, म्हणून क्रिकेटमधलाच पुरावा देतो. पळवणकर बाळू चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते महिन्याला मोजक्या रुपयांवर मैदानाची कामे करत आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकत. पगारी माणूस म्हणून ते क्लबचे खेळाडू नव्हते आणि अस्पृश्य म्हणून हिंदूंनाही नकोसे होते. पुढे गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून हिंदू क्लबाने त्यांना घेतले, पण चहा दिला तो बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, १९२३ मध्ये, भावंडांनी अन्यायाविरुद्ध आवाज उठवल्यानंतर. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हेही आपण लपवू नये. त्यांच्या राजकारणाशी आपला मतभेद आहे, पण त्यांच्यावर झालेला अन्याय त्याने खोटा ठरत नाही.

आता पुन्हा समुद्राकडे येऊ. एकदा होडी पाण्यात उतरली की नियम सर्वांना सारखे असतात. डाव्या बाजूने वारा घेऊन येणाऱ्या होडीने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची, मग समोर राजपुत्र असो की खलाशी. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे गुण कमी तो जिंकला. कोणी नियम मोडला तर लाल निशाण दाखवून तक्रार करता येते आणि तिची सुनावणी होते. इतका स्वच्छ न्याय जमिनीवर क्वचितच मिळतो. विषमता आहे ती धक्क्यावर.

आणि धक्क्यावरचे दार उघडले की काय होते, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या. तिथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण जिंकले. पुढच्या काळात मात्र पदके आणणाऱ्यांमध्ये नौदल आणि लष्करातले खेळाडू ठळकपणे दिसतात. होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग नौदलाचे. २०२३ मध्ये हांगझोऊला कांस्य जिंकणारा विष्णू सरवणन लष्कराचा. कारण उघड आहे. तिथे होडी सरकारची आणि सभासदत्वाचा प्रश्न नाही. त्याच हांगझोऊमध्ये नेहा ठाकूर या मुलीने रौप्य मिळवले. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या तलावावर, सरकारी प्रशिक्षण केंद्रात. भोपाळला समुद्र नाही. मुंबईला समुद्र आहे, वरळी आणि माहीमचे कोळीवाडे आहेत, वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळी आहेत. मग भोपाळला जमते ते मुंबईला का जमू नये?

इथेच मला दादरमधल्या एका रस्त्याचे नाव आठवते : एस. के. बोले रोड. शिवाजी पार्कला येताना आपण तो ओलांडतो, पण पाटीकडे बघत नाही. सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले पुढारी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तळे मात्र कागदावरच खुले राहिले. १९२६ मध्ये बोल्यांनी आणखी पुढचा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे पाळणार नाहीत, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंना घेऊन तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि राज्याच्या पैशातून चालणारी सार्वजनिक ठिकाणे यांचा उल्लेख येतो, त्यामागे हाच इतिहास उभा आहे.

मी क्लब फोडायला सांगत नाही. क्लब खाजगी आहे, त्याने सभासद कोणाला करावे हे तो ठरवील. पण समुद्र खाजगी नाही. बंदर खाजगी नाही. शिडावरचा तिरंगा खाजगी नाही. राष्ट्रीय संघटनांना मिळणारी सरकारी मदत खाजगी नाही. जिथे जनतेचा पैसा आणि देशाचे नाव आहे, तिथे १९२६ चा बोले ठराव लागू व्हायला हवा : प्रवेश रुंद करा, नाहीतर अनुदानाचा हिशेब द्या. राज्य सरकारने आणि महापालिकेने मुंबईत सार्वजनिक प्रशिक्षण केंद्र काढावे, होड्या केंद्राच्या असाव्यात आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना तिथे आधी जागा मिळावी. ऑप्टिमिस्ट होडीचा जन्मच मुळी यासाठी झाला. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स याने ती प्लायवूडच्या तुकड्यांतून सामान्य घरच्या मुलांसाठी बनवली होती.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. नियम ७५ पुन्हा वाचा. त्यात ‘क्लब’ एवढाच शब्द नाही, ‘किंवा अन्य संस्था’ असेही शब्द आहेत. म्हणजे दाराला दोन फळ्या आहेत आणि आपण एकीवरच डोके आपटत आलो. बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावरचा हक्क मागितला, आणि त्याच वेळी स्वतःच्या संस्थाही उभ्या केल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय. आपली महाविद्यालये, आपली क्रीडा मंडळे, कोळीवाड्यातल्या सहकारी संस्था यांनी एकत्र येऊन अशी संस्था नोंदवावी, संलग्नता मागावी, आणि नाकारली तर लेखी कारण मागावे. महाविद्यालयात असाल तर एनसीसीच्या नौदल विभागाची आजच चौकशी करा. क्लबच्या वर्गणीशिवाय शिडाला हात लावायची ती एक वाट आहे.

नियमात फट आहे म्हणून कोणी आपल्याला आत बोलावणार नाही. महाडचा ठरावही तीन वर्षे दप्तरात पडून होता. तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पुढच्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे असाल, तेव्हा शेजारच्या पोराला एवढे जरूर सांगा, की हा समोरचा समुद्र नुसता बघण्यासाठी नाही.

जय भीम!